खण, खोली आणि चटई : घर मोजणाऱ्या शब्दांचा इतिहास

१/ आज मराठी माणूस घराविषयी बोलतो ते चौरस फुटांत. कार्पेट किती, बिल्टअप किती, सुपर बिल्टअप किती, एफएसआय मिळतो का, ओसी आली का, कन्व्हेयन्स झाले का. हे सारे शब्द परके व रूक्ष वाटतात. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक शब्दामागे एखादी टंचाई, एखादी साथ, एखादा कायदा किंवा एखादा खटला उभा आहे. मुंबईच्या निमित्ताने त्या शब्दांचा हा मागोवा.

२/ आरंभ जुन्या घरापासून करू. देशावरच्या वाड्यांत आणि साध्या घरांतही मोजमापाचा शब्द होता ‘खण’. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तीन खणी घर, पाच खणी माडी असे म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा आवाका कळे. खणाची लांबी ठरे ती तुळईसाठी मिळणाऱ्या लाकडावर. त्यामुळे हे माप फुटाइंचांत पक्के नव्हते. ते घराच्या रचनेतून आलेले होते.

३/ शिवाय घराच्या भागांना कामावरून नावे होती : ओसरी, पडवी, माजघर, माळा, परसू. ओसरीवर पाहुणा टेके, पडवीत अवजारे राहत, परसात धुणीभांडी होत. यातला कोणता भाग ‘घरात धरायचा’ आणि कोणता नाही, असा प्रश्न सहसा उद्भवत नसे. घर आणि घराचा वापर यांच्यात मापाने भिंत घातलेली नव्हती.

४/ काटेकोर माप प्रथम आले ते जमिनीला. इसवी सन १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याच्या नव्या पाहणीची घडी बसवली. सारा ठरवायचा तर क्षेत्र अचूक हवे. आजही आपण वापरतो तो गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा ३३ चा आकडा कोठून आला? इंग्लंडमधील गुंटरची मोजणीची साखळी ६६ फुटांची होती. तिची ही बरोबर निम्मी लांबी.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला महसूल घ्यायचा होता, त्याने आधी माप पक्के केले. माप ठरवण्याचा अधिकार आणि पैसा यांचे नाते पुढच्या प्रत्येक टप्प्यावर असेच दिसेल.

६/ १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे शहरात आली. त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या चाळी. मराठीत घुंगरांच्या माळेलाही चाळ म्हणतात आणि ओळीने लागलेल्या खोल्यांनाही. येथे खण संपला आणि माप झाले ‘खोली’. भाडे खोलीमागे ठरू लागले. ‘दहा बाय बाराची खोली’ हा शब्दप्रयोग तर मुंबईच्या मराठीत कायमचा रुजला.

७/ भाडेकरूचे आयुष्य मात्र खोलीत मावणारे नव्हते. झोपणे, वाळवण, लग्नाच्या पंगती, गणेशोत्सव, मुलांचा अभ्यास हे सारे गॅलरीत, जिन्यात आणि चौकात चाले. नळ सामाईक, संडास सामाईक. भाडेपावतीवर होती ती केवळ खोली. जे पावतीवर नव्हते ते वापरात होते, पण त्यावर हक्क कोणाचा हे कोठेच लिहिलेले नव्हते.

८/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि घराविषयीच्या सरकारी विचाराला नवे वळण लागले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रस्ते काढणे, नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. ट्रस्टने उजेड आणि हवेसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. सोप्या भाषेत सांगायचे तर इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्म्या रुंदीची मोकळी जागा समोर सुटली पाहिजे, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसेल.

९/ या नियमाचे महत्त्व असे की तो विकता न येणारी गोष्ट मोजत होता. उजेडाचे भाडे आकारता येत नाही आणि वाऱ्याची पावती फाडता येत नाही. तरीही त्यांचे माप शहररचनेत आले, कारण रोगराईने ते आणायला भाग पाडले होते.

१०/ १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच ‘बीडीडी’, स्थापन झाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. काँक्रीटच्या, एकाच साच्याच्या, प्रत्येक बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फूट. खोली आता आकडा झाली होती.

११/ याच काळात दुसरा शब्द रुजला : ‘पागडी’. पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाड्यावर नियंत्रण आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधले. भाडे गोठले, शहर वाढत राहिले. मग जागेची खरी किंमत भाड्याबाहेर, वेगळ्या रोख रकमेतून वसूल होऊ लागली. मानाच्या शिरोवस्त्राचे नाव तिला लाभले.

१२/ अशी रक्कम घेणे हा त्या कायद्याने गुन्हा होता. अर्थातच तिची पावती नसे. आयुष्यभराची पुंजी देऊन माणूस जागेत येई आणि कागदोपत्री मात्र जुजबी भाड्याचा कुळ राही. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशातून करू? भाडेकरू म्हणे, पागडी दिली आहे, ती कोठे गेली? दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे होते, आणि या दोहोंमध्ये इमारत झिजत होती.

१३/ १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमणारा कायदा झाला आणि त्यासाठी उपकर बसला. ‘सेस बिल्डिंग’ हा मुंबईकरांच्या तोंडी असलेला शब्द या उपकरातून आला. भाडे १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणे न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये नोंदवले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. अर्धे शतक कुजबुजत उच्चारला गेलेला शब्द असा उघड्यावर आला.

१४/ भाड्याच्या या कोंडीतून मध्यमवर्गाने काढलेली वाट म्हणजे सहकार आणि ‘ओनरशिप’. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मधली. देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. स्वातंत्र्यानंतर मजल्यावरील सदनिका विकत घेण्याची पद्धत वाढली. आपल्याकडे त्याला सरळ ‘ओनरशिपची जागा’ म्हटले गेले. पण मजला जमिनीपासून वेगळा करून विकायचा कसा, याचे नियम पुरेसे नव्हते. फसवणुकीला तेथे मोकळे रान मिळाले.

१५/ म्हणून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. तो ‘मोफा’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. विक्रीकिमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करावा, संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावी, ही बांधकाम करणाऱ्याची कर्तव्ये ठरली.

१६/ या शेवटच्या कर्तव्याचे नाव ‘कन्व्हेयन्स’, शासकीय मराठीत अभिहस्तांतरण. सदनिकेचा ताबा मिळाला तरी जमीन मूळ मालकाच्या वा विकासकाच्याच नावे राहिली, अशा असंख्य संस्था राज्यात होत्या. इमारत जुनी झाली आणि पुनर्बांधणीचा विषय निघाला की मग जाग येई. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणले. विकासक सही करीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने हस्तांतरण झाले असे मानायचे. ‘मानीव’ या तीन अक्षरांनी कित्येक संस्थांच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावावर केली.

१७/ आता चौरस फुटाकडे वळू. कार्पेट म्हणजे घरात सतरंजी अंथरता येईल तेवढी जमीन, मराठीत चटईक्षेत्र. त्यात भिंतींची जाडी मिळवली की बिल्टअप. जिना, लिफ्ट, प्रवेशदालन यांचा वाटा चढवला की सुपर बिल्टअप. समजा, चटई ६०० चौरस फूट आणि विक्री ९०० च्या हिशेबाने. दर फुटाला सांगितला जातो तो ९०० चा, राहायला मिळतात ६००. या चढवलेल्या भागाला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात. ते किती असावे हे विकणाराच ठरवी.

१८/ मराठीत येथे आणखी एक गुंता झाला. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत निवासी बांधकामासाठी मूळ प्रमाण मुंबई शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असे होते. शासकीय मराठीत त्याचे नाव ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. म्हणजे चटई हा एकच शब्द दोन ठिकाणी. एकदा तो आपल्या पायाखालची जागा सांगतो, एकदा साऱ्या भूखंडावरचे बांधकाम. कागद वाचताना अनेकांची फसगत येथेच होते.

१९/ निर्देशांकात काय मोजायचे नाही, यावरही शहराचा चेहरा घडला. खिडकीबाहेरचा फुलझाडांचा कट्टा, म्हणजे ‘फ्लॉवरबेड’, हिशेबात धरला जात नसे. साहजिकच नकाशांत फुलझाडे फार झाली. बांधकाम झाल्यावर तो कट्टा खोलीत सामावून घेतला जाई, आणि जे नियमात मोजले गेले नव्हते ते विक्रीत मोजले जाई. जानेवारी २०१२ च्या बदलांनी असे भाग निर्देशांकात धरले आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र देऊ केले.

२०/ शब्दाच्या अर्थावरून झालेला एक खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीखाली, खांबांच्या मधे, गाड्या लावण्याची जागा होती. विकासकाचे म्हणणे : ही जागा म्हणजे ‘गॅरेज’, आणि गॅरेज कायद्यातील ‘फ्लॅट’च्या व्याख्येत येते, म्हणून ती स्वतंत्रपणे विकता येईल. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने ते नाकारले. खांबांखालील वाहनतळ हे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा आहे. एका शब्दाच्या अर्थाने साऱ्या रहिवाशांची जागा त्यांच्याकडे राहिली.

२१/ २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, कार्पेट या शब्दाला देशभर एकच व्याख्या दिली. सदनिकेतील वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र. आतल्या विभाजक भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, सेवांचे शाफ्ट, स्वतःची बाल्कनी आणि स्वतःची उघडी गच्ची धरायची नाही. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवाव्या लागतात. बांधकामातील रचनात्मक दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे राहते.

२२/ हा इतिहास आज कशासाठी आठवायचा? कारण बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत, आणि मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींच्या सभासदांपुढे पुनर्विकासाचे करार येत आहेत. त्या करारात ‘क्षेत्र’ एवढेच लिहिले असेल तर विचारावे : कोणते क्षेत्र? रेराच्या व्याख्येतील चटई की बाल्कनी धरून? आजची जागा कोणत्या मापाने मोजली आणि उद्याची कोणत्या? वाहनतळ सामाईक की नेमून दिलेले? जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय?

२३/ खणापासून रेरापर्यंतचा प्रवास पाहिला तर एक सूत्र सापडते. ज्या शब्दाचा अर्थ लिहून ठेवलेला नसतो, त्याचा अर्थ बलवान पक्ष लावतो. पागडी लिहिली जात नव्हती, लोडिंग लिहिले जात नव्हते, गॅरेज म्हणजे काय हे उलगडून लिहिलेले नव्हते. प्रत्येक वेळी सामान्य घरधारकाला दिलासा मिळाला तो शब्दाची व्याख्या ठरली तेव्हाच.

२४/ एक रुखरुख मात्र राहते. चाळीची गॅलरी, वाड्याचा चौक, खालच्या मजल्यावर पोहोचणारा उजेड यांना चटईच्या हिशेबात स्थान नाही. आपल्या घराचे क्षेत्र आज शंभर वर्षांपूर्वीपेक्षा अधिक अचूक मोजले जाते, हे खरेच. पण दोन इमारतींमधले अंतर किती आणि खिडकीतून आकाश दिसते का, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारायला हवा. प्लेगच्या साथीने शिकवलेला तो धडा जुना झालेला नाही.

(धागा समाप्त. आपल्या संस्थेच्या बैठकीत उपयोगी पडेल असे वाटल्यास अवश्य पुढे पाठवावा.)