एका जनुकाची तीन नावे : पीटेनच्या कार्यशोधाचा इतिहास

नावावरून वस्तूचे कार्य कळते काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांस नवा नाही. व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते. त्याचा आजचा अर्थ व्यवहारात शोधावा लागतो. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे अध्ययन, मराठीत तीच दंड झाली. जीवरसायनशास्त्रात हाच पेच एका मानवी फॉस्फटेज-जनुकाच्या बाबतीत कसा उभा राहिला व कसा सुटला, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. 'फॉस्फरस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ प्रकाशवाहक. आपल्याकडे त्यास 'स्फुरद' म्हणतात, आणि हा शब्द केवळ कोशात राहिलेला नाही. सिंदी मेघेच्या परिसरातील शेतकरी कृषिकेंद्रात नत्र, स्फुरद, पालाश ही नावे सहज उच्चारतो. पेशीच्या संदर्भात तर हा शब्द विशेषच अन्वर्थक वाटतो. कारण पेशीतील पुष्कळसे स्फुरण फॉस्फेट-गटाच्या चढउतारावर अवलंबून असते. हा गट चढविणारी विकरे ती कायनेज, उतरविणारी ती फॉस्फटेज. चढविल्याने संदेश सुरू होतो व उतरविल्याने थांबतो, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु काही प्रथिने गट उतरल्यावरच जागी होतात, हे विसरता कामा नये.

नाव आणि कार्य यांची फारकत या क्षेत्रात आरंभापासूनच आहे. 1943 च्या सुमारास कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत स्नायूतील फॉस्फोरिलेजचे सक्रिय रूप निष्क्रिय करणारे एक विकर आढळले. ते प्रथिनास जोडलेला सहघटक काढून घेत असावे, या समजुतीने त्यास 'पी.आर.' म्हणजे 'प्रोस्थेटिक-रिमूव्हिंग' असे नाव मिळाले. 1953 मध्ये या क्रियेत फॉस्फोरिलेजचा रेणुभार निम्मा होतो असे दिसताच, तीच दोन अक्षरे ठेवून त्यांचा अर्थ 'फॉस्फोरिलेज-रप्चरिंग' असा करण्यात आला! अक्षरे तीच, अर्थ नवा. 1955 मध्ये सदरलँड व वोसिलेट यांनी यकृतातील फॉस्फोरिलेज निष्क्रिय होताना फॉस्फेट सुटते असे दाखविले. त्याच सुमारास फिशर व क्रेब्स यांनी स्नायूतील उलट क्रियेचा, म्हणजे फॉस्फेट चढण्याचा, उलगडा केला. त्यांना 1992 चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'पी.आर.' हे वस्तुतः फॉस्फटेज होते.

आता मुख्य जनुकाकडे वळू. 1997 मध्ये दहाव्या गुणसूत्रावरील एकच जनुक तीन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. पार्सन्स यांच्या गटाने त्यास 'पीटेन' म्हटले. या नावात फॉस्फटेज, टेन्सिन या प्रथिनाशी साम्य आणि दहावे गुणसूत्र या तिन्ही गोष्टी गोवलेल्या आहेत. स्टेक यांच्या गटाने अनेक प्रगत कर्करोगांत ते बिघडलेले आढळते म्हणून 'एमएमएसी-1' असे नाव दिले. ली व सुन यांनी 'टेप-1' हे नाव सुचविले. एक नाव कुळावरून, दुसरे रोगावरून, तिसरे मुख्यतः नियंत्रण व स्थान यांवरून. तिसऱ्या नावापुढे आणखी एक अडचण होती : टेलोमरेजशी संबंधित एका निराळ्याच प्रथिनाच्या जनुकाचे ते अधिकृत चिन्ह ठरले. आपल्या जिल्ह्यात सिंदी मेघे व सिंदी रेल्वे ही दोन गावे आहेत; उत्तरपद गाळले, तर पत्र भलतीकडे जावयाचे.

टिकले ते कुळवाचक नाव, आणि त्यानेच काही काळ दिशाभूल केली. या प्रथिनातील ॲमिनो आम्लांचा विशिष्ट क्रम प्रथिन-फॉस्फटेजांच्या कुळाचा होता. म्हणून त्याचे कार्यक्षेत्रही प्रथिनेच असावीत असे अनुमान स्वाभाविक होते. प्रत्यक्षात प्रथिनांवरील त्याची क्रिया मंद आढळली. अतिशय आम्लधर्मी कृत्रिम पदार्थांवर ती काहीशी बरी दिसे. हा एक सुगावाच होता. 1998 मध्ये मिशिगन विद्यापीठातील माएहामा व डिक्सन यांनी दाखविले की, पीटेनचे भक्ष्य पेशीपटलातील 'पीआयपी-3' हे मेदद्रव्य आहे. वाढीचा संदेश येताच एक कायनेज या मेदाच्या इनोसिटॉल-वलयाच्या तिसऱ्या स्थानी फॉस्फेट चढविते, त्याच्या आधारे 'एकेटी' हे प्रथिन पटलाशी येऊन सक्रिय होते, आणि पेशी वाढू व तगू लागते. पीटेन नेमका तोच फॉस्फेट काढून घेते. ते नाहीसे झाले की, संदेश थांबविणारा कोणी उरत नाही.

तरीही शंकेला जागा होती. प्रथिनांवरची मंद क्रियाच अर्बुदरोधासाठी पुरेशी नसेल कशावरून? याचा निर्णय एका अक्षराने केला. काउडेन-रोगाच्या काही रुग्णांत पीटेनच्या 403 घटकांपैकी 129 व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल आढळते. हे बदललेले प्रथिन प्रथिनांवर पूर्ववत् काम करते, मेदावर मात्र करीत नाही; आणि रोग तर होतोच. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत सुंदर पुरावा हाच होय. निसर्गाने दोन अर्थ वेगळे करून दाखविले, आणि कोणत्या अर्थावर आरोग्य अवलंबून आहे तेही सांगितले. पुढे 1999 मध्ये स्फटिकरचना उपलब्ध झाली, तेव्हा पीटेनची क्रियास्थानाची खोबण या मेदाचे मोठे डोके सामावण्याइतकी रुंद असल्याचे दिसले.

नामकरणाचा प्रश्न मात्र तेथे मिटला नाही. 2013 मध्ये याच जनुकाच्या संदेशवाही आरएनएचे वाचन नेहमीच्या आरंभचिन्हाच्या अलीकडून, वेगळ्या चिन्हापासून, सुरू होऊन 576 घटकांचे दीर्घ प्रथिन तयार होते, असे आढळले. मग 129 वे स्थान कोठून मोजावयाचे? 2014 मध्ये संशोधकांना पीटेनची नावे व घटकांचे क्रमांक यांसाठी एक सामायिक पद्धती प्रसिद्ध करावी लागली.