हाताखाली शिकण्याची गोष्ट

परवा भाचा आला होता. अंबडच्या एका कंपनीत आहे. चहा पिता पिता त्याने मोबाईल पुढे केला. "मामा, हे बघा, वर्षभरात सतरा कोर्स पूर्ण केले." खरंच सतरा सर्टिफिकेटं होती, सगळी रंगीत, कोपऱ्यात फीत वगैरे. आमच्या वेळी अख्ख्या डिपार्टमेंटकडे मिळून एवढी निघाली नसती. मी कौतुक केलं आणि सहज विचारलं, "शिकवलं कोणी?" तो जरा थांबला. म्हणाला, "कोणी म्हणजे... मोबाईलवरच."

तो गेला, पण ते वाक्य काही जाईना. सातपूरच्या एका कारखान्यात मी चाळीस वर्षं काढली. आधी मशीन शॉपमध्ये, शेवटची काही वर्षं ट्रेनिंग विभागात. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं त्या खुर्चीत बसून पाहिली. त्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नव्हतं. म्हटलं, आता लिहावं.

थोडं मागे जातो, कंटाळू नका.

नाशिक म्हटलं की लोकांना गोदाकाठ, द्राक्षं आणि कुंभमेळा आठवतो. पण हे कारागिरांचं गाव आहे. जुन्या नाशकातल्या तांबटाच्या घरात पोराला कोणी "आता तुझं शिक्षण सुरू" असं सांगत नसे. बाप घडा ठोकतोय, पोरगं शेजारी बसून भाता चालवतंय, आणि घाव नीट बसला की कसा आवाज येतो ते त्याच्या कानात आपोआप जातंय. येवल्याला पैठणीच्या मागावरही तेच. मग मोठे कारखाने आले. तोवर टपाल तिकिटं आणि नोटा इंग्लंडात छापल्या जात. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस निघाली आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे सातपूर, अंबड भरत गेलं. मायको आली. तिचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावं लागतं :)

कारखान्यांबरोबर शिकण्याचीही रीत ठरली. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने कंपन्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट होऊन पोरं यायची आणि कुणाच्या तरी हाताखाली लागायची. 'हाताखाली' हा शब्द बघा. कायद्यात तो नसेल, पण खरी पद्धत त्या एका शब्दात आहे.

मी १९८२ मध्ये लागलो तो आमच्या अण्णांच्या हाताखाली. पहिले तीन महिने त्यांनी मला लेथला हात लावू दिला नाही. मशीन पुसायचं, चिप काढायची, कूलंट भरायचं, आणि उभं राहायचं. मला वाटे, हा माणूस मला राबवून घेतोय. एक दिवस मशीन चालू असताना ते पाठमोरे होते. अचानक वळले आणि म्हणाले, "टूल गेलं." बघतो तर धार खरंच गेलेली. मी समोर उभा असून मला कळलं नव्हतं, त्यांना पाठीमागून कळलं. त्यानंतर मी ऐकायला शिकलो. अण्णांनी ते कधी शब्दांत शिकवलं नाही. त्यांना शब्दांत सांगताही आलं नसतं.

असो. आता २०२०.

२५ मार्चपासून देश बंद झाला. मार्चअखेर लासलगावजवळ जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला, एप्रिलमध्ये मालेगावची परिस्थिती बिघडली. मे महिन्यापासून कारखाने हळूहळू सुरू झाले, तेही मोजक्या माणसांवर. आयटीआय बंद. केंद्राने त्यांना २१ सप्टेंबरपासून प्रशिक्षणाची परवानगी दिली. मधले सहा महिने पोरं घरी, आमचे जुने कामगार निम्मे गावी, आणि ऑर्डरी मात्र परत यायला लागलेल्या.

शिकवायचं कसं? मायक्रोमीटर वाचायला शिकवताना दोन डोकी एका जागी यावी लागतात. सहा फुटांवरून ते जमत नाही. दुसरी अडचण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. मशीन शॉपच्या आवाजात आम्ही एकमेकांचे ओठ वाचून बोलतो. मास्क आला आणि ओठ गेले. गॉगलवर वाफ धरायची ती वेगळीच. शॉपमधला निम्मा संवाद एका कापडाच्या तुकड्याने बंद झाला.

मग झूम आलं, टीम्स आलं, प्रश्नमंजूषा आल्या. वर्गातलीच प्रेझेंटेशनं आम्ही कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायला लागलो. तिकडे पोरं कॅमेरा बंद करून बसलेली. घरात एक फोन, त्यावर सकाळी धाकट्या बहिणीची शाळा. सुरगाणा-पेठकडची पोरं नेटवर्क शोधत टेकडीवर जाऊन बसायची. एकाने मला सांगितलं, "सर, तुमचा आवाज येतो, पण चित्र येत नाही." ड्रॉइंग कसं वाचावं याचा तो तास होता!

गंमत अशी की दूर बसलेल्या माणसाला कसं शिकवावं, याचं मोठं ज्ञान आमच्याच गावात होतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकला आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून तिथली पुस्तकं लिहिली गेली. छोटे घटक, मध्येच स्वतःला तपासायचे प्रश्न, पुढे उत्तरं. आणि तेवढ्यावर न थांबता गावोगावी अभ्यासकेंद्रं आणि अडलं तर भेटायला संमंत्रक. म्हणजे दुरून शिकवणाऱ्यांनीसुद्धा भेटायचा माणूस ठेवलाच होता. आम्ही घाईत काय केलं, तर वर्गातलं व्याख्यान उचलून फोनमध्ये टाकलं आणि भेटायचा माणूस काढून घेतला. गंगापूर रोडने पुढे जाऊन विचारायला हवं होतं. माझ्यासकट कुणाला सुचलं नाही.

फक्त कारखान्यांतच हे झालं असं नाही. एप्रिल २०२० मध्येच केंद्राने दीक्षा या व्यासपीठावर आयगॉट नावाने डॉक्टर, परिचारिका, आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी कोविडचे धडे ठेवले. शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं होतं, तेही ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन गेलं. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली. आमच्या गल्लीत आलेल्या आशाताईंच्या हातात ऑक्सिमीटर होता. बायकोने विचारलं, "कुठे शिकलात हो?" त्या हसल्या. "थोडं मोबाईलवर, थोडं सिस्टरांनी दाखवलं, बाकी घरं फिरून." पहिल्या काही घरांत आकडा नीट येईना, मग कळलं की बोट गार असेल तर चोळून घ्यावं लागतं. हे कळायला घरंच फिरावी लागली.

मग २१ एप्रिल २०२१ आला. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तो पांढरा ढग टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. चूक कोणाची, ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण वायू, दाब, व्हॉल्व्ह यांत आयुष्य काढलेल्या माणसांना त्या रात्री झोप आली नाही. रुग्णालयांत ऑक्सिजनची यंत्रणा रातोरात वाढत होती, आणि यंत्र जितक्या वेगाने बसतं तितक्या वेगाने त्याच्याशी ओळख होत नाही. पुढे देशभर ऑक्सिजन प्लांट बसवले तेव्हा ते चालवायला सात हजारांहून अधिक माणसं तयार केल्याचं ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने सांगितलं. यंत्राबरोबर माणूसही तयार करावा लागतो, हे निदान तेव्हा मान्य झालं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहायची म्हणूनच इतकं लिहिलं.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एक पोरगा होता. हुशार, नम्र. ऑनलाइन सुरक्षा चाचणीत वीसपैकी वीस. मशीनचा कोर्सही पूर्ण. नियमाप्रमाणे 'प्रशिक्षित' या रकान्यात सही माझी. मी ती ऑफिसात बसून केली, त्याला मशीनवर एकदाही न पाहता. तेव्हा एका दिवसात तशा पंधरा-वीस सह्या करत होतो.

आठवड्याभराने दुसऱ्या पाळीत त्याच्या मशीनवरचं टूल फुटलं. इन्सर्टचा तुकडा आतल्या पत्र्यावर आदळला. दार बंद होतं म्हणून पोरगा वाचला. शेजारच्या मशीनवरचा जुना माणूस मला म्हणाला, "साहेब, मशीन दहा मिनिटं ओरडत होतं. मला लांबून कळलं, पण मी पोचेपर्यंत झालं." पोराला विचारलं तर तो रडायला आला. "सर, मशीनचा आवाज असाच असतो असं मला वाटलं."

त्याचं काय चुकलं? त्याने चांगला आवाज कधी ऐकलाच नव्हता, मग वाईट आवाज कसा ओळखणार? व्हिडिओत मशीनच्या आवाजाऐवजी सतारीचं संगीत होतं. चूक त्या रकान्यातली होती, म्हणजे माझी. चौकशीत माझ्या सहीबद्दल कुणी विचारलं नाही. कागद बरोबर होते ना! मीही बोललो नाही. आज बोलतोय.

मी त्या पोराला त्याच जुन्या माणसाच्या मशीनवर नेऊन उभा केला. तीन आठवडे, हात न लावता. बिचाऱ्याला वाटलं असेल, राबवून घेतायत.

सगळं वाईटच झालं असं मात्र म्हणणार नाही. आमच्या एका सेटरने स्वतःच्याच मशीनचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॅपवर टाकला. एका बाजूला चांगल्या टूलचा आवाज, दुसऱ्या बाजूला गेलेल्या टूलचा. मराठीत, संगीत न घालता. पोरांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. मग इतरांनीही काढले, पंचवीसेक झाले असतील. अण्णांच्या डोक्यातलं अण्णांबरोबर गेलं, यांच्या डोक्यातलं थोडं तरी मागे राहिलं. आणि एक गोष्ट मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. जी पोरं चारचौघांत "समजलं नाही" म्हणायला लाजायची, ती रात्री दहाला मेसेज करून प्रश्न विचारायला लागली. आमच्या पद्धतीत शिव्याही होत्या, मंडळी. हाताखाली शिकताना कित्येक पोरं पळून गेली, त्यांचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मास्क गेले, ओठ परत दिसायला लागले. पण मोबाईलवरचे कोर्स राहिले, कारण ते स्वस्त पडतात आणि रकाना लवकर भरतो. तेही राहू देत. त्यांच्यासाठी शेजारचा माणूस काढून घेतला होता, तो मात्र बऱ्याच ठिकाणी परत ठेवला गेला नाही. आणि ज्यांना ठेवायचं ते आता माझ्यासारखे रिटायर होऊन घरी बसलेत.

भाच्याला काल फोन केला. विचारलं, "तुझ्या मशीनवरचा सगळ्यात जुना माणूस कोण?" म्हणाला, "एक काका आहेत, डिसेंबरमध्ये रिटायर होतायत." मी म्हटलं, "मग अठरावा कोर्स सध्या राहू दे. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बस. डबा नेत जा, पोह्यांचा चालेल."

बघू, जातो का ते. तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत त्या दोन वर्षांत काय झालं? तुम्हाला शिकवायला शेजारी कोणी होतं का? जरूर कळवा.