छापखाना-छापखाना

आमच्या गटाच्या कपाटावर जुन्या साडीत गुंडाळलेला एक रंगीत प्रिंटर आहे. गटातूनच अंतर्गत कर्ज काढून तो घेतला होता. बारशाची, डोहाळजेवणाची, हळदीकुंकवाची आमंत्रणं, वाढदिवसाच्या खाऊच्या पिशव्यांवरची नावं, असं सगळं घरीच छापून द्यायचं ठरलं होतं. पहिले तीन महिने काम झकास चाललं. मग शाई संपली. त्या यंत्राला त्याच कंपनीची शाईची डबी लागते, आणि डबी आणली की शंभर कार्डांची कमाई तिथेच संपते. पुढे तर त्या मॉडेलची डबी तालुक्याला मिळेनाशीच झाली. हप्ते मात्र आम्ही शेवटपर्यंत भरले. पैसे आपल्याच बायकांच्या बचतीचे होते ना.

मागच्या बैठकीत पुन्हा एका यंत्राचा विषय निघाला. कार्ड कापणारं आणि छापणारं, अडतीस हजारांचं. निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या त्या साडीच्या गाठोड्याकडे बघत बसल्या. त्या बैठकीत आम्ही जी गोष्ट सांगितली, तीच आज सांगतो. गोष्ट जपानची आहे. तिथे घरोघरी कार्डं छापणारं एक यंत्र होऊन गेलं, त्याची.

आधी तिथली रीत समजून घेऊ. जपानात नववर्षाला एकमेकांना पोस्टकार्ड पाठवतात, त्याला नेंगाजो म्हणतात. डिसेंबरच्या २५ तारखेच्या आसपास कार्डं पेटीत टाकायची. पोस्ट ती साठवून ठेवतं आणि १ जानेवारीला सकाळी गठ्ठाच घरी आणून देतं. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं, ते घर आधीच कळवतं की यंदा आम्ही दुःखात आहोत, आमच्याकडून कार्ड येणार नाही. आपल्याकडे त्या वर्षी सण करत नाहीत, तसंच. १९४९ पासून या कार्डांवर सोडतीचा नंबरही येऊ लागला, म्हणजे शुभेच्छाही आणि बक्षिसाची आशाही. २००३ साली पोस्टाने अशी सुमारे ४४६ कोटी कार्डं काढली. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतेरा कोटी. आमच्या एका काकूंनी लगेच विचारलं, "अगं बाई, एवढी कार्डं लिहितं कोण?"

खरा प्रश्न तोच होता. प्रत्येक घराला पन्नास-शंभर कार्डं पाठवायची. त्यातून तिथे दर वर्षाचा एक प्राणी असतो. उंदीर, बैल, वाघ, ससा, असे बारा प्राणी पाळीपाळीने येतात. म्हणजे मागच्या वर्षीचं चित्र यंदा चालत नाही. हाताने शंभर ससे काढणं अवघड, आणि बाजारातून छापील आणलं तर त्यात आपलं काय राहिलं?

यावर तोडगा काढला हायामा नोबोरु या गृहस्थांनी. महायुद्धात जपान उद्ध्वस्त झाला होता. त्यानंतर १९४६ साली त्यांनी टोकियोत छपाईचा लहानसा धंदा सुरू केला आणि नाव ठेवलं रिसो. रिसो म्हणजे आदर्श. छपाई होती मेणकागदाची. खरबरीत पत्र्यावर मेणकागद ठेवायचा, टोकदार सळईने त्यावर लिहायचं, जिथे मेण खरवडलं जाईल तिथून शाई उतरते. लिहिताना गरगर आवाज होई, म्हणून तिथे त्या छपाईला गारिबान म्हणत. आपल्याकडचं सायक्लोस्टाइल याच जातीचं. जुन्या शिक्षकांना शाळेच्या प्रश्नपत्रिका आठवतील. १९४२ च्या चलेजाव चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांनी पत्रकं काढली, तीही पुष्कळदा सायक्लोस्टाइलवरच. छापखान्याला कुलूप ठोकता येतं, पण पलंगाखाली मावणाऱ्या यंत्राला कोण शोधणार!

तर १९७७ साली या रिसो कंपनीने घरगुती यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव प्रिंट गोक्को. गोक्को या शब्दाचा अर्थ आपल्याला चटकन कळेल. आपली पोरं 'दुकान-दुकान' खेळतात, 'डॉक्टर-डॉक्टर' खेळतात, त्या खेळण्याला जपानीत गोक्को म्हणतात. म्हणजे या यंत्राचं मराठी नाव 'छापखाना-छापखाना' असं होईल.

यंत्र कसं चाले ते जरा सावकाश ऐका, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यातच आहे. पाटीएवढा प्लास्टिकचा डबा, वरचं झाकण बिजागरीवर उघडणारं. आधी कागदावर चित्र काढायचं, पण साध्या शाईने नाही, कार्बन असलेल्या पेनाने. झेरॉक्सची प्रतही चाले, कारण झेरॉक्सच्या काळ्या भुकटीत कार्बन असतो. त्या चित्रावर एक खास पडदा बसवायचा. पडदा म्हणजे जाळी आणि तिला चिकटलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. झाकणावर दोन दिवे लावायचे, जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे. झाकण दाबलं की लखकन उजेड पडतो. काळी रेघ तापते आणि पापुद्रा तेवढ्याच रेघेवर वितळतो. झाली जाळीत भोकं तयार. मग जाळीवर ट्यूबमधली शाई पसरायची, खाली कोरं कार्ड ठेवायचं, झाकण दाबायचं. पुन्हा कार्ड, पुन्हा झाकण. सशाच्या कानाला गुलाबी, गवताला हिरवी, अशा दोन-तीन शाया एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावता येत. एका पडद्यावर शंभरेक कार्डं सहज निघत.

डिसेंबरात घरभर ओली कार्डं वाळत पडलेली असायची. लोक बारशाची, लग्नाची, घर बदलल्याची कार्डंही त्यावर छापू लागले. अमेरिकेत हे यंत्र पोचलं आणि हाताने कार्डं करून विकणाऱ्यांनी त्यावर आपला धंदा उभा केला. विक्रीचा आकडा एक कोटीच्या वर गेला. खेळण्याच्या नावाचं यंत्र, पण त्यावर संसार चालले.

मग घरोघरी संगणक आणि प्रिंटर आले. गोक्कोची विक्री घसरली. २००५ मध्ये कंपनीने यंत्र बंद करणार असं सांगितलं. लोकांनी गलका केला, परदेशातूनही पत्रं गेली, तेव्हा थोडी मुदत वाढली. अखेर २००८ मध्ये यंत्राची विक्री थांबली आणि २०१२ संपताना दिवे, पडदे, शाई हेही बंद झालं.

आता बघा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. बिजागरी शाबूत, डबा शाबूत, बाईचा हातही शाबूत. पण दिवा एकदा लखकन पेटला की जळून जाई. प्रत्येक नव्या चित्राला नवे दिवे, नवा पडदा. आणि ते करणारी कंपनी एकच. पुष्कळांनी दिव्यांचे साठे करून ठेवले. पण साठा किती पुरणार? रिसो कंपनी काही बुडाली नाही. तिची मोठी यंत्रं आजही प्रश्नपत्रिका आणि पत्रकं छापतात, आपल्या देशातसुद्धा. बंद पडलं ते घरातलं यंत्र. आणि नेंगाजोचंही आता ओसरलंय, अलीकडे कार्डांचा आकडा १५० कोटींच्याही खाली आला आहे. मोबाइलवरच्या शुभेच्छा तिथेही पोचल्याच.

आम्ही हे सांगून थांबलो तेव्हा गटातली सगळ्यात लहान मुलगी उठली. ती म्हणाली, "ताई, १९७७ ते २०१२ म्हणजे पस्तीस वर्षं झाली. पस्तीस वर्षं लोकांनी त्यावर काम केलं, पैसे कमावले. आपले हप्ते तर दोन वर्षांचे. मग भीती कसली?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्हाला उत्तर सुचायला वेळ लागला. वाद पुढे तासभर चालला आणि शेवटी तिच्याच बोलण्यातून वाट निघाली. यंत्र चांगलं की वाईट हे विचारायचं नाही. विचारायचं ते हे, की त्याच्या पोटात रोज काय घालावं लागतं, ते किती दुकानांत मिळतं, आणि आपले हप्ते फिटेपर्यंत ते मिळेल असं विकणारा लिहून देतो का. ती आणि आणखी दोघी तालुक्याला जाऊन आल्या. तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार हसला आणि चहा मागवला. लिहून मात्र दिलं नाही.

सध्या आम्ही लाकडी चौकटीवर स्क्रीन प्रिंटिंग करतोय. तत्त्व गोक्कोचंच, जाळीतून शाई खाली उतरते. फक्त इथे उजेडाने रेघ वितळत नाही, उलट बाकीचा भाग घट्ट होतो. चौकटीवर नायलॉनची जाळी ताणायची, अंधाऱ्या खोलीत तिला केमिकलचा थर द्यायचा, वाळला की वर काळ्या चित्राचा ट्रेसिंग पेपर आणि काच ठेवून उन्हात धरायची. ऊन लागलं तिथे थर पक्का होतो, काळ्या रेघेखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन निघतो. केमिकल बाहेरूनच आणावं लागतं, हे खरं. पण ते चार-पाच कंपन्यांचं मिळतं, चौकट गावच्या सुताराकडे होते, आणि ऊन तर आपल्याकडे मुबलक आहे. काम संपलं की जाळी धुऊन पुन्हा नव्या चित्राला वापरतो.

पहिलं काम बारशाचं आलंय, दीडशे कार्डांचं. पाळण्याच्या दोऱ्या आम्ही फार बारीक काढल्या होत्या. ऊन जास्त झालं, दोऱ्या बुजल्या आणि छापल्यावर पाळणा अधांतरी दिसू लागला. बाळाची आजी म्हणाली, "आमचं बाळ काय हवेत निजणार आहे का?" दोऱ्या जाड करून जाळी काल पुन्हा उन्हात ठेवली. बारसं रविवारी आहे.