ओसाड दफनभूमीचे रान कोणी राखले?



विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी मला विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतले, दफनभूमीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे काय ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि रद्दीच्या दुकानाने केले. त्या वाचनातच मला विल क्रूक्स भेटला. १८५२ साली लंडनच्या पॉप्लर भागात त्याचा जन्म झाला. लहानपणी काही दिवस त्याने गरीबखान्यात काढले आणि पुढे तो लाकडी पिंपे बांधणारा कारागीर झाला. रविवारी सकाळी गोदीच्या फाटकाशी तो व्याख्याने देई. त्या सभांना लोक 'क्रूक्सचे कॉलेज' म्हणत. १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपात तो पुढे होता. १९०१ साली तो पॉप्लरचा महापौर झाला, १९०३ साली पार्लमेंटात निवडून गेला आणि १९२१ साली वारला. त्याला कोठे पुरले, हे शोधताना टॉवर हॅम्लेट्स दफनभूमीचे नाव हाती लागले. मी ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नाही. जे सांगणार आहे ते वाचलेले आहे. परंतु हकीकत आपल्या कामाची आहे.

थोडे मागे जाऊ. इंग्लंडात प्रत्येक गावच्या चर्चभोवती कुंपण घातलेली थोडी जमीन असते. पिढ्यान्‌पिढ्या गावचे मृत तेथेच पुरले जात. या जागेला तिकडे 'देवाचा एकर' म्हणण्याची रीत आहे. गावात ही व्यवस्था चालून गेली, पण लंडनात चालेना. १८०१ साली सुमारे दहा लाख असलेली वस्ती चाळीस वर्षांत दुपटीच्या घरात गेली. माणसे वाढली, चर्चची आवारे मात्र होती तेवढीच राहिली. जुनी प्रेते पुरती मातीला मिळण्याआधीच नव्यांसाठी खणावे लागे. १८३९ साली जॉर्ज वॉकर नावाच्या शस्त्रवैद्याने या प्रकाराविरुद्ध पुस्तक लिहिले. स्ट्रँड रस्त्याजवळच्या ईनन चॅपेल या एका लहानशा प्रार्थनामंदिराच्या तळघरात वीस वर्षांत सुमारे बारा हजार प्रेते कोंबली गेल्याचे त्या काळी उघड झाले. स्वस्तात क्रियाकर्म उरकून देणे हाच तेथला धंदा होता. १८४८-४९ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा सरकार जागे झाले. १८५२ च्या कायद्याने राजधानीतली भरलेली आवारे बंद करण्याची सोय झाली.

दरम्यान भांडवलवाल्यांनी या गरजेत नफा पाहिला होता. १८३२ ते १८४१ या काळात लंडनच्या तेव्हाच्या वेशीबाहेर सात मोठ्या दफनभूमी निघाल्या, त्या खासगी कंपन्यांनी काढल्या. त्यांतली शेवटची म्हणजे आपली टॉवर हॅम्लेट्सची, साधारण सत्तावीस एकरांची. बाकीच्या काही ठिकाणी धनिकांची संगमरवरी स्मारके उभी राहिली. येथे आसपास वस्ती होती ती गोदी कामगार, खलाशी, शिंपी आणि आगपेट्या करणाऱ्या बायांची. स्वतंत्र जागा विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापैकी फार थोड्यांची. बहुसंख्यांच्या वाट्याला सार्वजनिक कबर येई. म्हणजे एकच खोल खड्डा, आणि त्यात एकमेकांशी काही नाते नसलेली माणसे एकावर एक. अशा कबरीवर बहुधा दगडही नसे. १८८९ पर्यंत येथे २ लाख ४७ हजार माणसे पुरली गेली. १९६६ साली दफन थांबले, तोवर हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास गेला होता. एवढ्या माणसांनी लंडनची गोदी चालवली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नावाचा दगडसुद्धा नाही!

जागा भरली तसा नफा आटला, आणि नफा आटला तशी निगाही आटली. दुसऱ्या महायुद्धात या दफनभूमीवर पाच वेळा बॉम्ब पडले. १९६६ साली ग्रेटर लंडन कौन्सिल या तेव्हाच्या महानगर संस्थेने ती विकत घेतली. कबरींचे दगड हटवून मोकळे उद्यान करावे असा बेत होता, आणि दगड काढायला सुरुवातही झाली. पण काही लोकांचा विरोध आणि कामाचा खर्च यांमुळे ते मध्येच थांबले. बॉम्बने मोडलेली दोन्ही प्रार्थनागृहे १९७२ साली पाडण्यात आली. १९८६ साली जागा स्थानिक बरोच्या, म्हणजे तेथल्या नगरपालिकेच्या, ताब्यात आली. तोवर सिकॅमोर आणि ॲश ही झाडे दगडांमधून वर आली होती, आणि काटेरी वेलींनी वाटा गिळल्या होत्या.

उद्यानाचा तो बेत काही वाईट हेतूने केलेला नव्हता. त्याच्यामागे चांगली परंपरा होती. १८८२ साली लंडनात सार्वजनिक उद्यानांसाठी एक मंडळ स्थापन झाले. बंद पडलेल्या दफनभूमींवर इमारती बांधण्यास मनाई करणारा कायदा १८८४ साली झाला. इसाबेला होम्स या बाईंनी लंडनच्या दफनभूमींचा माग काढून त्यांवर १८९६ साली पुस्तक प्रसिद्ध केले. या मंडळींनी ठिकठिकाणची चर्चची आवारे साफ करून घेतली, दगड भिंतीशी टेकवले, हिरवळ केली, बाके ठेवली. कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांना त्यामुळे उजेड आणि हवा मिळाली. आमचा क्रूक्सही याच मताचा. थेम्सकाठचे आयलंड गार्डन्स हे उद्यान १८९५ साली त्याच्याच हस्ते खुले झाले. त्या पिढीला हिरवे म्हणजे नीटनेटके वाटे, आणि त्यांच्या काळी तेच बरोबर होते.

पुढच्या शंभर वर्षांत मात्र गरज बदलली. नांगर, खते आणि औषधे यांच्यापुढे रानफुलांची कुरणे टिकली नाहीत. १९३० नंतरच्या अर्धशतकात इंग्लंड आणि वेल्समधली अशी जुनी कुरणे शेकडा सत्त्याण्णव गेली. जी थोडी जुनी गवताळ जमीन न नांगरता राहिली, तिच्यात गावोगावच्या चर्चची आवारे होती. मेलेल्यांच्या अंगावरून नांगर कोण फिरवणार? म्हणून गेल्या चाळीसेक वर्षांत तिकडच्या लोकांनी ही आवारे पाखरे, फुले आणि कीटकांसाठी राखायला घेतली. टॉवर हॅम्लेट्समध्ये १९९० साली रहिवाशांनी 'मित्रमंडळ' स्थापन केले. पुढे त्या जागेला स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की निसर्ग राखायचा म्हणजे हात लावायचा नाही. वस्तुस्थिती उलट आहे. हात लावला नाही, तर ती जागा काही वर्षांत काटेरी जाळीची आणि मग एकाच जातीच्या झाडांच्या दाट सावलीची होते, आणि खाली फूल उरत नाही. म्हणून काही झाडे तोडून ऊन आत घ्यावे लागते. कुरणातले गवत फुले बी धरीपर्यंत वाढू द्यावे लागते, उन्हाळ्याच्या अखेरीस कापावे लागते आणि कापलेले उचलून न्यावे लागते. ते तेथेच कुजले की जमीन माजते, आणि माजलेल्या जमिनीत राकट तण नाजूक फुलांना दाबून टाकते. आम्हांला जमीन कसदार करणे ठाऊक, येथे ती थोडी कृश ठेवायची! तोडलेले ओंडके मात्र रचून ठेवायचे, कारण भुंग्यांच्या अळ्यांना कुजके लाकूड लागते. हे सारे काम स्वयंसेवक करतात, आणि ते दर वर्षी करावे लागते.

मग कबरींचे काय? आजोबांच्या दगडावर गवत वाढलेले पाहून नातवाला वाईट वाटणारच, आणि ती भावना क्षुद्र नाही. परंतु पाहा: लंडनच्या त्या भागात माती चिकण, उघडा खडक नाही. दगडफुलाला, म्हणजे खडकावर वाढणाऱ्या त्या करड्या-पिवळ्या बुरशीला, तेथे डोंगर म्हणून हे कबरींचे दगडच मिळाले. ब्रशने घासून दगड चकचकीत केला तर कित्येक वर्षांची ती वाढ एका सकाळी जाते. म्हणून वाटा मोकळ्या ठेवायच्या, पडू घातलेला दगड सावरायचा, नाव वाचता येईल एवढे पाहायचे आणि बाकीचे राहू द्यायचे. ज्यांना दगडच मिळाला नाही, त्यांच्यावर आता रानफुले उगवतात, आणि त्याच वस्तीतल्या शाळांची मुले ती पाहायला येतात. कंपनीने ज्यांना खड्ड्यात एकावर एक रचले, त्यांच्या जागेची निगा आज शेजारीपाजारी विनावेतन राखतात. माझ्या मते क्रूक्सच्या कॉलेजचा हाच खरा पुढचा वर्ग.

मी नगरपालिकांच्या कामगारांत काम करतो. त्यांत स्मशानात राबणारेही आहेत. एका गावी वृक्षारोपणाचा मोठा समारंभ झाला. कोनशिला बसली, फोटो निघाले. पाणी घालायला माणूस नेमावा म्हणून आम्ही अर्ज केला, त्याचे उत्तर आले नाही. पुढल्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत दुसऱ्या पाहुण्यांनी दुसरी रोपे लावली. तेव्हापासून उद्घाटनाची पत्रिका हाती आली की मी एकच विचारतो: उद्यापासून येथे रोज कोण येणार?

लंडनच्या त्या सत्तावीस एकरांवर ना कंपनीचा नफा टिकला, ना महानगराचा आराखडा. टिकला तो दर वर्षी गवत कापून उचलून नेणारा हात. आपल्या गावातही नदीकाठची, मशिदीच्या नाही तर देवळाच्या मागची, किंवा जुन्या स्मशानाची एखादी विसरलेली जागा असेलच. तेथे समारंभ करू नका. दहा माणसे जमवा, कामाचे वार ठरवा आणि हजेरीची वही ठेवा. संघटनेत तीस वर्षे घालवून मी शिकलो ते एवढेच, आणि क्रूक्सच्या शेजाऱ्यांनीही दुसरे काही केलेले दिसत नाही.