थंडीत वाढलेलं घराणं

गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळालगतच्या कुंडांतलं पाणी हाताला चटका देतं. ५० अंशांच्या आसपासच्या अशा पाण्याची उष्णता सर्वाधिक बाहेर पडते ती ९ मायक्रॉनच्या लहरींतून. पण कुंडाचे दगड, देऊळ आणि चित्र टिपणारा कॅमेरासुद्धा १० मायक्रॉनच्या आगेमागे तळपतच असतात. शिवाय या लहरींच्या एकेका फोटॉनात ऊर्जा इतकी थोडी, की तो ओळखणाऱ्या पदार्थातले इलेक्ट्रॉन स्वतःच्या उबेनेही उसळतात आणि खोटी खूण देतात. म्हणून डिटेक्टर गार ठेवावा लागतो. डिटेक्टरांच्या या घराण्याची वंशावळ पदार्थांच्या नावांनी सांगायची रीत आहे. माझ्या मते ती थंडीच्या हिशेबाने मांडली तरच नीट उलगडते.

१९३०च्या दशकात जर्मनीत लेड सल्फाइड पुढे आलं, त्याची धाव ३ मायक्रॉनपर्यंत. १९५०च्या दशकातल्या इंडियम अँटिमोनाइडने ती साडेपाचाच्या घरात नेली, पण द्रवरूप नायट्रोजनची उणे १९६ अंशांची थंडी मागून. १९५९ मध्ये इंग्लंडात माल्व्हर्नच्या संशोधकांनी मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड जाहीर केलं. कॅडमियमचं प्रमाण बदललं की त्याची धाव बदलते, त्यामुळे तेवढ्याच थंडीत १० मायक्रॉनही आवाक्यात आले. इथे कथा संपायला हवी होती. तरी १९९९ च्या लँडसॅट-७ उपग्रहात उष्णतेसाठी हाच पदार्थ असताना २०१३ च्या लँडसॅट-८ ने गॅलियम आर्सेनाइडच्या थरांचा क्वांटम वेल डिटेक्टर घेतला. तो फोटॉन कमी पकडतो आणि उणे २३० अंशांची थंडी मागतो. ही पीछेहाट नव्हती. जुन्या उपग्रहात हलता आरसा ८ डिटेक्टरांवर दृश्य फिरवत असे. नव्यात ६४० गुणिले ५१२ बिंदूंच्या तीन चकत्या स्थिर राहून पाहतात. एवढ्या बिंदूंत पाऱ्याच्या मिश्रणाचं प्रमाण जरा जरी हललं तरी शेजारच्या बिंदूची धाव वेगळी होते. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात मुरलेल्या गॅलियम आर्सेनाइडला हा दोष फारसा नाही. म्हणजे जास्तीची थंडी मोजून एकसारखेपणा विकत घेतला.

कोणी म्हणेल, गार न करता चालणारे कॅमेरे आता स्वस्त आहेत, मग हा खटाटोप कशाला? कुंडातलं गरम पाणी आणि गार दगड वेगळे दाखवायला ते पुरेसे आहेत, हे खरंच. पण त्यांचे बिंदू स्वतः तापून-निवून खूण देतात. त्यात काही मिलिसेकंद जातात आणि अगदी मंद उष्णता हातची निसटते. याचा पुरावा आपल्याकडेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या टिरकॅम-२ कॅमेऱ्याने जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेतून तारे टिपले. त्यातही इंडियम अँटिमोनाइडचाच डिटेक्टर आहे, पण नायट्रोजनच्या थंडीवर न भागवता हेलियमच्या बंद चक्राने तो उणे २३८ अंशांपर्यंत उतरवलेला. ताऱ्याची ऊब क्षीण असते, म्हणून डिटेक्टरची स्वतःची कुजबुज त्याहून क्षीण करावी लागते. पदार्थ तोच, काम बदललं तशी थंडी बदलली.