टांग्याच्या घोड्याचे पाय

राजर्षी शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी सांगणारे कोल्हापुरात अजून भेटतात. खडखडा ओढणाऱ्या घोड्यांच्या पायांविषयी मात्र कुणी बोलत नाही. मला आज त्याच पायांविषयी बोलायचे आहे.

1891 साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. पण स्टेशनावर उतरल्यावर अंबाबाईच्या देवळापर्यंत जायचे ते घोड्याच्या पायांवरच. संस्थानच्या पागेत मोतद्दार असत, एक घोडे लंगडले तर दुसरे जुंपता येई. टांगेवाल्याकडे बहुधा एकच जनावर. त्याचा पाय सुजला की घरची चूलच अडली.

पाय सुजतो का? घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडे, दोरखंडासारख्या कंडरा आणि वर कातडी. शरीरात झिरपलेले पाणी, ज्याला लसिका म्हणतात, ते वर चढते मुख्यतः चालण्याने. घोडे रात्रभर एका जागी बांधले की पाणी खालीच साचते. सकाळी जरा फिरवल्यावर ही सूज उतरते, त्याची फारशी काळजी नाही. न उतरणारी सूज वाईट. कातडी जाड होते, तिला वळ्या पडतात, वळ्यांत ओल राहते, ओलीत जंतू वाढतात आणि सूज आणखी वाढते. माणसाच्या हत्तीपायाशी याचे बरेच साम्य आहे.

त्यात आपला पावसाळा! खुराच्या वर, मागच्या खोबणीत कातडी भिजून फुटते आणि खपल्या धरते. मायेपोटी रोज संध्याकाळी चिखल धुऊन घोडे ओल्या पायांनीच बांधणे हे सर्वांत घातक. त्यापेक्षा चिखल वाळू द्यावा आणि ब्रशने हलक्या हाताने झाडावा. धुतलेच तर पाय पार कोरडे करावेत. ठाणाखाली कोरडे गवत असावे. औषधाआधी एवढे तरी हवेच.

पावसाळ्यात चिघळणाऱ्या घोड्यांच्या जखमांना इंग्रज पशुवैद्यांनी आपलाच शब्द उचलून ‘बरसाती’ असे नाव दिले, आणि तिच्या कारणावर ते पुढे बरीच वर्षे भांडले. कुणी म्हणे कृमी, कुणी म्हणे बुरशी. गंमत म्हणजे दोघांचेही खरे होते. एकाच नावाखाली दोन आजार होते. एकात माश्या जखमेवर कृमींच्या अळ्या सोडतात. दुसऱ्याचे मूळ साचलेल्या पाण्यात. बुरशीसारख्या दिसणाऱ्या त्या जीवाला 1987 मध्ये ‘पिथियम इन्सिडिओसम’ हे नाव मिळाले. डबक्यात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायांना त्याचा धोका अधिक.

युरोपातल्या शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन अशा अवजड ओढकाम करणाऱ्या जातींत सूज आणि कातडीचा हा विकार जन्मभर वाढत जातो. 2003 मध्ये संशोधकांनी दाखवले, की दोष लसिकेच्या वाहिन्यांतच असावा. पायांवरच्या दाट केसांत किडेही लपतात. तो विकार पुरता बरा होत नाही. केस कापणे, किडे मारणे, पाय कोरडे ठेवणे, रोज चालवणे आणि जाणत्याच्या हातून दाबपट्टी बांधून घेणे, एवढ्यावर तो आटोक्यात ठेवतात.

दुखऱ्या पायाच्या जनावराला कामाला जुंपणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा योग्यच, पण त्या दिवशीच्या भाकरीचे काय, हे टांगेवाल्याला कुणी सांगितले नाही. पुढे रिक्षा आल्या आणि टांगे मागे पडले. आता घोडे दिसते ते लग्नाच्या वरातीत. त्याचे दुखणे टांग्याच्या घोड्याच्या उलट: काम चार तासांचे, आणि बाकी दिवस खुंट्याला उभे राहण्याचे.