साधा चहा

कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यापाशी पाच मिनिटं उभे राहा, ‘साधा’ हा शब्द कानावर येतोच. ‘दोन साधे, एक स्पेशल!’ साधा चहा म्हणजे वेलदोडा, मसाला न घातलेला. साधी कैद म्हणजे सक्तमजुरी नसलेली. काहीतरी वगळलेलं आहे, एवढंच हा शब्द सांगतो. घोटाळा होतो तो माणसाला साधा म्हटल्यावर. गरीब माणूस साधा असेल तर त्याला फारसं कळत नाही, असं आपल्याला सुचवायचं असतं. श्रीमंत साधा असला की मात्र आपण त्याचं कौतुक करतो!

‘राजर्षी शाहू महाराज फार साधे होते,’ हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो. दाखला ठरलेला असायचा. नवा राजवाडा सोडून महाराज सोनतळीच्या कॅम्पवर राहात. ते खरंच आहे. पण राजवाडा असलेल्या माणसानं माळावर राहावं, यात हौसही असू शकते. माझ्या मनात राहिली आहे ती दुसरी हकिकत, चहाचीच.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. हे महाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीऐवजी धंदा काढायला सांगितलं, मदतही दिली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल सुरू झालं. हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण?

महाराज आले. रस्त्यात गाडी थांबवायची, मोठ्यानं चहा मागवायचा आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही द्यायला लावायचा. महाराजांच्या देखत कप परत कसा करणार? मुकाट्यानं प्यावाच लागे. संस्थानानं १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. त्या हुकुमांचं मोल मोठंच. पण हुकूम कचेरीत, दवाखान्यात, धर्मशाळेत चालतो, कप ओठाला लावणं ही वेगळी गोष्ट.

या चहात काय वगळलं होतं? विटाळ. पिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना तो घोट जड गेला असेल. पाजणारा आणि पिणारा दोन माणसं आहेत, एवढी साधी गोष्ट, आणि ती घडवायला छत्रपतींना भर रस्त्यात गाडी थांबवावी लागली.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं राहिलं, त्यासाठी पुढाकार घेतला होता तो या चहावाल्या गंगाराम कांबळे यांनी.